माहिती सर्वांच्या दारी : तंत्रज्ञानातील विषमता आणि गावाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कळंब येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी विषमता मोजण्याची मापे ठरलेली होती. कोणाकडे किती एकर जमीन, कोणाच्या घरी किती सोने, कोणाचे शिक्षण किती, एवढ्यावर माणसाची पायरी निश्चित होत असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात एका नव्या मापाची भर पडली आहे. माहिती कोणाला वेळेवर मिळते आणि कोणाला ती उशिरा, अर्धवट किंवा मुळीच मिळत नाही, हे ते माप होय. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या दिवसापासून देशात दोन रांगा तयार होऊ लागल्या. एक रांग घरबसल्या काम उरकणाऱ्यांची, आणि दुसरी, त्याच कामासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्यांची.

कळंबसारख्या गावात या दोन्ही रांगा एकाच रस्त्यावर दिसतात. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून समुद्रकिनारी येणारा पाहुणा आपली खोली फोनवरून आधीच राखून ठेवतो, मार्ग फोनवर पाहतो, आणि पैसेही फोननेच चुकते करतो. त्याच रस्त्यावरील वाडीत राहणाऱ्या वृद्धेला मात्र निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असेल, तर नातवाला सुट्टी असेल त्या दिवसाची वाट पाहावी लागते. वास्तविक ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय हयात दाखल्याची योजना नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली ती वृद्धांची पायपीट वाचावी म्हणूनच. फोनचा मनोरा दोघांनाही सारखाच जवळ आहे. तरीही अंतर शिल्लक उरतेच. तेव्हा हे अंतर केवळ तारांचे व मनोऱ्यांचे नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या अंतराची किंमत किती जबर असू शकते, याचा अनुभव पालघर जिल्ह्याने 2021 मध्ये घेतला. कोरोना प्रतिबंधक लसीकरण 1 मे 2021 पासून 18 ते 44 वर्षे वयोगटासाठी खुले झाले. परंतु या गटाला ‘कोविन’ या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी केल्यावाचून लस मिळणार नव्हती. नोंदणीच्या जागा काही क्षणांत भरून जात. ज्यांच्याकडे चांगला फोन, वेगवान जोडणी आणि सवयीची बोटे होती, त्या मुंबई-ठाण्याकडील शहरी नागरिकांनी ग्रामीण केंद्रांवरील जागा राखून ठेवल्या आणि मोटारीने येऊन लस टोचून घेतली. केंद्राच्या शेजारच्या पाड्यावरील तरुण मात्र पाहत राहिला. यात कोणी नियम मोडला नव्हता, हीच खरी गंभीर बाब आहे. नियम सर्वांना सारखा होता, परंतु त्या नियमापर्यंत पोहोचण्याची वाट सारखी नव्हती. ते संकेतस्थळ मराठीसह प्रादेशिक भाषांत उपलब्ध झाले ते जून महिन्यात. दरम्यान 24 मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली आणि 31 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर नेमके बोट ठेवले. पुढे जागेवरच नोंदणी सर्वत्र सुरू झाली आणि लसीकरणाला वेग आला. साध्या वहीने व पेनाने जे साधले, ते एकट्या संकेतस्थळाने साधले नव्हते.

ही दरी घराबाहेर आहे तशीच घराच्या आतही आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 38 टक्के होते. पुरुषांचे प्रमाण 61 टक्क्यांच्या वर होते. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये एवढे अंतर आहे. घरात फोन असतो, पण तो घरधन्याच्या खिशात असतो. आधार क्रमांकाला जोडलेला फोन मुलाचा असतो आणि मुलगा कामावर गेलेला असतो. केंद्रावरील खिडकीपाशी ‘ओटीपी सांगा’ असे म्हटले की त्या मातेचे काम तेथेच थांबते. शासनाने तिला हक्क दिला, बँकेने खाते दिले, परंतु त्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली.

या विषमतेवर मात करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नाहीत असे मात्र नाही. उलट या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक मोठा धडा घालून दिला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणेचा सहकार उभा राहिला. त्या परिसरातील 70 गावांत 1998 मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र शासन, राज्य शासन, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणा सहकारी साखर कारखाना यांनी मिळून गावोगावी संगणक बसविले. त्या काळी तालुक्याच्या कचेरीतही संगणक दिसला तर लोक कुतूहलाने पाहत. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजनाचा हिशेब, खताची उचल यांसाठी शेतकऱ्याला पूर्वी कारखान्याच्या कार्यालयापर्यंत जावे लागे. ती माहिती आता गावातच मिळू लागली.

पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. शेती सल्ला, बाजारभाव, शिक्षण अशी अनेक स्वप्ने त्या संगणकांबरोबर पाहिली गेली होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्यांचा वापर मुख्यत्वे आपल्या उसाच्या हिशेबासाठीच केला. संगणक जुने होत गेले आणि त्यांची देखभाल महाग पडू लागली. तेव्हा 2006-07 च्या सुमारास संशोधकांनी तेथील 7 गावांत एक साधा प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईल फोनवरून लघुसंदेश पाठवायचा, आणि उत्तरात उसाचे वजन वा खताची नोंद मिळवायची. हा प्रयोग सुमारे 8 महिने चालला. तीच माहिती कमी खर्चात व अधिक सोयीने मिळते, असे त्यातून आढळून आले. वारणेचा धडा असा की यंत्र भारी असण्यापेक्षा ते माणसाच्या हाताशी असणे महत्त्वाचे. कापडाच्या व्यवहारातही हेच सूत्र आहे. ठाणातील कापड कितीही उंची असो, गिऱ्हाइकाच्या अंगाला बेतल्याशिवाय ते वस्त्र होत नाही.

दुसरा धडा समुद्रकाठचा आहे, आणि म्हणून कळंब, अर्नाळा, राजोडी या किनारपट्टीस तो अधिक जवळचा वाटेल. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानने 1998 पासून पुदुच्चेरी परिसरातील खेड्यांत ग्राम माहिती केंद्रे उभारली. केंद्रासाठी जागा गावाने द्यायची, ती सार्वजनिक असावी आणि तेथे कोणत्याही जातीच्या माणसास मज्जाव नसावा, अशी अट घालण्यात आली. केंद्र चालविणाऱ्यांत गावातील स्त्रियाच अधिक होत्या. कोळी वस्त्यांत लाटांच्या उंचीचा अंदाज संगणकावरून उतरवून घेतला जाई आणि ध्वनिक्षेपकावरून गावाच्या भाषेत ऐकविला जाई. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या घरी वीज नाही, त्यालाही होडी लोटण्यापूर्वी समुद्राचा रागरंग कळत असे.

26 डिसेंबर 2004 रोजी या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. नल्लवाडू या कोळी गावातील सिंगापूरला असलेल्या एका तरुणास सुनामीची वार्ता कळली. त्याने घरी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी माहिती केंद्र गाठून त्याच ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला आणि सुमारे साडेतीन हजार वस्तीचे गाव किनाऱ्यापासून दूर गेले. घरे पडली, होड्या फुटल्या, पण माणसे वाचली. त्या गावात प्रत्येकाच्या हाती संगणक नव्हता. एक दूरध्वनी, एक ध्वनिक्षेपक आणि त्या आवाजावर गावाने टाकलेला विश्वास, एवढीच सामग्री होती. हा विश्वास एका दिवसात निर्माण झालेला नव्हता. रोज लाटांची खरी बातमी देऊन तो वर्षानुवर्षे मिळविलेला होता.

आज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना प्रादेशिक भाषांतून देते, आणि हवामान विभागाचे वादळी इशारेही फोनवर येतात. माहिती किनाऱ्यापर्यंत आलेली आहे. ती शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याचे काम मात्र कोणतेही केंद्र हैदराबादेत बसून करू शकणार नाही. ते गावानेच करावयाचे आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. या बाबतीत याच परिसराने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक पुरावा जपून ठेवला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 मध्ये कळंबच्या शेजारच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत, म्हणजे तत्कालीन सामान्य जनांच्या बोलीजवळचे. वायव्येकडे त्याच राजाने खरोष्ठी लिपी वापरली, आणि कंदाहारकडे ग्रीक व अरामाईक भाषाही वापरली. कलिंगातील लेखांत तर हा मजकूर ठरावीक तिथींना लोकांना ऐकवावा अशी आज्ञा आहे. मजकूर कोरला म्हणजे कर्तव्य संपले, असे त्या राज्यकर्त्याने मानले नाही.

मराठीच्या बाबतीत पुष्कळसे काम झालेले आहे. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठी मोलाचे कार्य केले. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्या संगणकावर चौकोन होऊन दिसण्याची पीडा संपली. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे खेड्यापाड्यांतील असंख्य तरुण-तरुणींनी पहिल्यांदा संगणकाला हात लावला. आता तर मराठीत बोलले तरी फोनवर अक्षरे उमटतात. असे असूनही अनेक अर्जांतील शेवटची सूचना, चूक दाखविणारा संदेश किंवा पैसे कापले गेल्याची खबर इंग्रजीतच येते. नेमके जेथे माणूस अडतो, तेथेच भाषा परकी होते.

जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे जुनी साधनेही उपयोगी पडतात, याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. 2020 मध्ये शाळा बंद होत्या आणि ज्या घरी स्मार्टफोन नव्हता तेथील मुलांचा अभ्यास खुंटला होता. त्या वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली. दूरचित्रवाणी संच असणाऱ्या कितीतरी घरांत फोनविना शाळा आली. तंत्रज्ञान नवे की जुने हा प्रश्न गौण होता. ते मुलापर्यंत पोहोचले की नाही, हा मुख्य प्रश्न होता.

कायद्यानेही आता स्पष्ट भूमिका घेतली आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन व्यक्ती आणि आम्लहल्ल्यातील पीडित यांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ओळख पटविताना डोळ्यांची उघडझाप करा असे यंत्र सांगते; जी व्यक्ती ती करू शकत नाही, तिने बँकेत खाते उघडायचेच नाही काय, असा तो प्रश्न होता. यंत्राने माणसाला जुळवून घ्यावे, असा या निर्णयाचा आशय आहे.

तथापि हक्क कागदावर येणे आणि तो दारात येणे यांत वर्षे जातात. ग्रामीण भागातील 6 कोटी कुटुंबांत किमान एका व्यक्तीस संगणकसाक्षर करण्याची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 31 मार्च 2024 रोजी तिची मुदत संपली. तिची वयोमर्यादा 14 ते 60 वर्षे होती. साठी ओलांडलेल्यांना, म्हणजे ज्यांना हयातीचा दाखला द्यावयाचा आहे नेमक्या त्यांनाच, तीत स्थान नव्हते. अशा फटी शासनाकडून राहून जातात. त्या बुजविण्याचे काम समाजातील संस्था, वाचनालये, मंडळे व महाविद्यालयीन तरुण यांनीच करावयाचे असते.

हे काम खर्चिक नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, रस्त्यालगतच्या एखाद्या खोलीत एक मेज, एक संगणक, एक छपाई यंत्र आणि दोन शिकलेली मुले बसली, तरी पुष्कळ साधते. मात्र त्यास काही पथ्ये हवीत. पहिले पथ्य असे की काम करून देताना ते शिकवावेही, म्हणजे पुढच्या वेळी त्या व्यक्तीला पुन्हा यावे लागू नये. दुसरे, कोणाचाही गुप्त क्रमांक विचारू नये, वहीत लिहून ठेवू नये, आणि फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे भिंतीवर ठळक लिहावे. तिसरे, शासकीय शुल्क किती हे फलकावर असावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, हे ठाऊक नसणाऱ्याकडून अधिक पैसे घेतले जातात. चौथे, एक संध्याकाळ केवळ स्त्रियांसाठी असावी, आणि आधारला जोडलेला क्रमांक त्यांचा स्वतःचा करून देणे हे तिचे पहिले काम असावे. पाचवे व अखेरचे, ज्याला यंत्र वापरणे शक्यच नाही, त्याच्यासाठी कागदी अर्जाचा मार्ग खुला राहावा यासाठी संबंधित कार्यालयाकडे पाठपुरावा करावा.

एखादी संस्था किती यशस्वी झाली हे तिने किती संगणक घेतले यावरून ठरवू नये. वर्षअखेरीस गावातील किती माणसे दुसऱ्याचे बोट न धरता आपले काम करू लागली, किती मातांच्या हाती स्वतःच्या खात्याची किल्ली आली, आणि वादळाचा इशारा किनाऱ्यावरील शेवटच्या घराला किती मिनिटांत मिळाला, यावरून ते ठरवावे. हा हिशेब प्रतिवर्षी मांडला जावा आणि त्यातील बाकी दरवर्षी घटत जावी, एवढीच या मंगल प्रसंगी अपेक्षा.