मॅक्डॉवेलांचा मळा

मळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विहीर, पाट, उभी पिके आणि उन्हातान्हात राबणारी माणसे येतात. मळ्याचे उत्पन्न मण-खंडींत मोजावे, ही आपली जुनी रीत. आज मी आपणांस ज्या मळ्याची हकीकत सांगणार आहे, त्याचे उत्पन्न मात्र शंभराहून अधिक वर्षे कविता, कादंबऱ्या, नाटके, चित्रे आणि संगीतरचना ह्यांत मोजले जात आहे. हा मळा अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरो नावाच्या लहानशा गावी आहे.

त्या प्रदेशाची जमीन मोठी कष्टाची. नांगर घालावा तो धोंड्याला अडावा. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ते धोंडे वेचून बांधांवर रचले; त्या दगडी भिंती आजही तेथील रानात दिसतात. पुढे पश्चिमेकडील सपाट, सकस जमीन लागवडीखाली आली, आगगाडीने तिकडचे धान्य स्वस्तात येऊ लागले, आणि ह्या डोंगराळ भागातील कित्येक कुटुंबांनी आपली शेते सोडली. जेथे पीक उभे राहत असे, तेथे पुन्हा रान माजले. असाच एक जुना मळा १८९६ साली मॅरियन मॅक्डॉवेल ह्या बाईंनी विकत घेतला.

त्यांचे पती एडवर्ड मॅक्डॉवेल हे त्या काळचे नामवंत अमेरिकन संगीतकार. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे पियानो शिकावयास आलेली विद्यार्थिनी आणि तिचे तरुण शिक्षक, अशी ह्या दोघांची पहिली ओळख. १८८४ साली त्यांचा विवाह झाला. १८९६ सालीच एडवर्ड न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक झाले. शहरातील गडबड आणि अध्यापनाचा भार ह्यांमुळे रचनेला सवड मिळेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मळ्यावर त्यांची लेखणी भराभर चाले. हे पाहून बाईंनी घरापासून दूर, झाडीत, लाकडी ओंडक्यांची एक झोपडी त्यांच्यासाठी बांधून घेतली. दुपारी जेवणाची टोपली दाराशी ठेवून निघून जावयाचे, आत डोकावावयाचे नाही, असा परिपाठ पडला.

जी शांतता आपणांस लाभली, ती इतर कलावंतांसही लाभावी, अशी एडवर्ड ह्यांची फार इच्छा होती. पण दैवाने त्यांना अवधी दिला नाही. १९०४ साली मतभेदांमुळे त्यांनी विद्यापीठ सोडले आणि लवकरच त्यांची बुद्धी मंदावत गेली. १९०६ साली चाहत्यांनी त्यांच्यासाठी निधी उभारला. त्याच्या आधारावर १९०७ साली मॅक्डॉवेल कॉलनी स्थापन झाली. पहिल्या उन्हाळ्यात दोघी बहिणी राहावयास आल्या. एक शिल्पकार, दुसरी लेखिका. जानेवारी १९०८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एडवर्ड ह्यांचा अंत झाला.

येथवरची कथा एका थोर संगीतकाराची वाटेल. परंतु मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते मागे राहिलेल्या बाईंकडे. निधी थोडका होता, आणि एकांत फुकट मिळत नाही. छप्पर गळते, चुलीला सरपण लागते, स्वयंपाक्याला पगार द्यावा लागतो. पन्नाशी उलटल्यावर मॅरियनबाई पुन्हा पियानोपुढे बसल्या, आणि गावोगाव हिंडून पतीच्या रचना वाजवीत, व्याख्याने देत त्यांनी पैसा जमविला. हे एकदोन वर्षे नव्हे, कित्येक दशके चालले. लगतची जमीन घेतली, झाडीत एकेक कार्यकुटी उभी केली. आरंभीची अनेक वर्षे मळ्यावर शेतीही चालू होती. जुन्या कोठाराचे रूपांतर सर्वांच्या भोजनगृहात झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये मोठ्या वादळाने तेथील असंख्य झाडे उन्मळून पडली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या ह्या बाईंनी पुनश्च कंबर कसली. १९५६ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आणि पीक कसे आले? एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन हे कवी १९११ साली काहीशा अनिच्छेनेच आले. मग पुढे आयुष्यभर दर उन्हाळ्यात येत राहिले. एमी बीच ह्या संगीतरचनाकार बाईंनी १९२१ साली तेथील रानात एका पक्ष्याचे गाणे ऐकले, ते स्वरांकित केले आणि त्यावरून पियानोच्या दोन रचना सिद्ध केल्या. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या रचनांचे मानधन ह्याच संस्थेला देऊन टाकले. थॉर्नटन वाइल्डर ह्यांच्या 'अवर टाउन' ह्या १९३८ सालच्या प्रसिद्ध नाटकाचा काही भाग येथे लिहिला गेला. जेम्स बाल्डविन हे कृष्णवर्णीय कादंबरीकार १९५४ साली येथे लिहीत होते. आजवर आठ हजारांहून अधिक कलावंत येथे राहून गेले आहेत. राहण्या-जेवण्याचे मोल त्यांच्याकडून घेतले जात नाही. प्रत्येक कुटीत लाकडी फळ्या टांगलेल्या असतात. निघताना त्यांवर आपले नाव लिहावयाचे. जेवणाची टोपली अजूनही दाराशी येते, आणि बोलावल्यावाचून कोणी दुसऱ्याच्या कुटीत जात नाही.

२०२० साली संस्थेने आपल्या नावातून 'कॉलनी' हा शब्द गाळला. त्या शब्दाला दुसऱ्यांवर लादलेल्या सत्तेचा वास येतो, हे तिला उमगले. ज्यांचे वाडवडील परक्या सत्तेखाली जगले, त्या आपणांस त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

श्रोतेहो, मी पेशाने शिक्षक आहे. वर्गात दरवर्षी एखाददुसरे मूल असे असते की ज्याच्या वहीत काही निराळेच उमटलेले दिसते. त्याला प्रतिभा कमी पडते असे नाही. त्याला घरी टेकावयास कोपरा नसतो, आणि बसलाच तर कोणीतरी हाक मारून त्याला दुकानावर धाडते. मुलीच्या बाबतीत तर ही हाक अधिकच वेळा येते. आपणांपैकी फार थोड्यांना साडेचारशे एकरांचा मळा राखता येईल. पण मॅरियनबाईंचे पहिले काम तेवढे मोठे नव्हतेच. एका माणसाला सकाळपासून दुपारपर्यंत कोणी हाक मारू नये, आणि वेळेवर त्याच्या दाराशी भाकरी असावी, एवढेच त्यांनी प्रथम पाहिले. बाकीचे सारे त्यातून वाढत गेले.

मात्र हेही ध्यानात असावे की, पतीच्या रचना आजही वाजविल्या जातात. बाईंचे वादन ऐकलेले आता क्वचितच कोणी उरले असेल. दुसऱ्याला एकांत देणाऱ्याचे स्वतःचे काही तरी मागे राहते. तेव्हा आपल्या घरी जो टोपली आणून ठेवतो, किंवा बहुधा जी आणून ठेवते, तिलाही आठवड्यातून एक दुपार दार लावून बसता यावे, एवढी तजवीज आपण करू या.