पहिले पिस्तूल आणि दहा दिवस

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात पिस्तूल घेण्याचा विचार निघाला, तर दुकानाआधी राज्याचा कायदा गाठावा लागतो. एच-१बी व्हिसाधारकास सामान्यतः खरेदीच करता येत नाही. इतरांस वय २१ पूर्ण हवे, सुरक्षा-परीक्षेत ३० पैकी २३ उत्तरे बरोबर हवीत. शिवाय दुकानात नवे शस्त्र मिळते ते राज्याच्या मान्य सूचीतलेच.

निवड अशी आधीच आखडते. नवख्यास रिव्हॉल्व्हर सोपे. चक्र उघडताच गोळ्या दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, आणि अपघात तिथेच घडतात.

पैसे भरूनही शस्त्र दहा दिवस दुकानातच राहते. ग्राहक चिडतात. परंतु त्या राज्यातील सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूलधारक पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचा धोका इतरांच्या जवळजवळ आठपट, स्त्रियांत पस्तीसपट आढळला. आणि खरेदीनंतर लगेचच तो सर्वाधिक होता. चोराच्या भयाने आणलेल्या शस्त्राची किल्ली घरात कोणापाशी राहणार, हे पतिपत्नींनी त्या दहा दिवसांतच ठरवावे.