‘सबमिट’ आणि ‘अ‍ॅडमिट’

(महासंघाच्या अभ्यासवर्गात अण्णा नगर, चेन्नई येथे मराठी गटासमोर केलेले भाषण)



सकाळच्या सत्रातले भाषण इंग्रजीत झाले. वक्ते अभ्यासू होते, तळमळीने बोलले. टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. चहाच्या वेळी मी आपल्यातल्या चार-पाच जणांना विचारले, काय समजले? एक जण म्हणाला, ‘‘माणूस चांगला वाटला.’’ मी हसलो खरा, पण माझीही गत फार वेगळी नव्हती. मी मॅट्रिक. इंग्रजी वाचतो, कामापुरते लिहितो, भराभर बोललेले निम्मे निसटते. आता आपला मराठी गट स्वतंत्र बसला आहे, तेव्हा मोकळेपणाने बोलतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘कामाच्या ठिकाणचे इंग्रजी : शब्द, व्याकरण, उच्चार’ असा छापला आहे. हा विषय शिकवण्याची माझी लायकी नाही. परंतु माझ्या इंग्रजीने एका माणसाचे नुकसान झालेले आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर मी येथे उभा आहे.

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा गँगमध्ये होतो. सगळ्या गँगमध्ये मॅट्रिक झालेला मी एकटा. त्यामुळे रजेचा अर्ज, पासचा अर्ज, सोसायटीच्या कर्जाचा अर्ज, सगळे माझ्याकडे यायचे. त्याचा मला थोडा माजही होता, खोटे कशाला बोला. आमच्यात एक वयस्क चाबीवाला होता, त्याला सगळे मामा म्हणत. मामाची मुलगी बाळंतपणाला आली होती, तिला रात्री एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले. मामा तीन दिवस कामावर आला नाही. निरोप पाठवला होता, तो मुकादमापर्यंत पोचला नाही. पुढच्या आठवड्यात मामाच्या हातात लहान शिक्षेचे आरोपपत्र, आपण ज्याला एस. एफ. अकरा म्हणतो ते, पडले. उत्तर द्यायला दहा दिवस.

मोरीच्या कठड्यावर बसून मी उत्तर लिहिले. अशा उत्तराची सुरुवात ‘आय बेग टू सबमिट’ अशी करतात, म्हणजे ‘मी नम्रपणे सादर करतो’. माझ्या हातून लिहिले गेले ‘आय बेग टू अ‍ॅडमिट’. दवाखान्यात अ‍ॅडमिट करतात, हा शब्द आपल्या घराघरांत मराठी झालेला आहे, आणि मुलीला अ‍ॅडमिट केले हे तर मला लिहायचेच होते. म्हणून लेखणीतून तोच उतरला असावा. पण कागदावर अ‍ॅडमिट म्हणजे कबूल करणे. पुढे मी शहाणपणा करून ‘आय रिग्रेट’ असेही घातले. मला म्हणायचे होते की वाईट वाटते. वाचणाऱ्याने वाचले की आरोप कबूल आहे आणि पश्चात्ताप झाला आहे. मामाने खाली डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. एका वर्षाची वेतनवाढ थांबली. अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवसांची असते, अपील आम्ही मुदतीत केले. पण मूळ उत्तरात कबुली लिहिलेली, तेव्हा हुकूम कायम राहिला. हेडक्लार्कने मला तो कागद दाखवला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी मामाला खरे सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तो पहिला शब्द काय होता, तो नीट पाठ कर. उद्या दुसऱ्याचं लिहिशील.’’

बंधूंनो, मी आपल्याला इंग्रजी शिका म्हणतो ते रुबाबासाठी नव्हे. साहेबासारखे बोलता आले नाही म्हणून आपली नोकरी जात नाही. आपली नोकरी, पगार आणि बढती अडते ती कागदावरच्या वीस-पंचवीस शब्दांत. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेले मोठे उदाहरण घ्या. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवसांचा रेल्वे संप झाला. त्या काळात कितीतरी कामगारांना चौकशी न करता घरी बसवले, ते १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतल्या चौदाव्या नियमाखाली. त्या नियमात चौकशी करणे ‘नॉट रीझनेबली प्रॅक्टिकेबल’ असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे चौकशी करणे व्यवहारतः शक्य नाही असे अधिकाऱ्याने कारण देऊन लिहिले, की चौकशीच नाही. या तीन शब्दांचा अर्थ काय, यावर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात तुलसीराम पटेल यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींना बसावे लागले. मग आपण त्या शब्दांकडे पाठ फिरवून कसे चालेल?

व्याकरणाचे म्हणाल तर मी एवढेच पाहतो की वाक्यात काम करणारा कोण आहे. ‘इट हॅज बीन डिसायडेड’ असे परिपत्रक सुरू होते. ठरवले कोणी? पत्ता नाही. आपल्या मराठीतही ‘ठरविण्यात आले आहे’ असते, सरकारी माणूस कुठल्याही भाषेत सारखाच. दुसरा शब्द ‘मे’. ‘मे बी कन्सिडर्ड’ म्हणजे विचार करता येईल. विचार केला जाईल असे नव्हे, आणि मंजूर होईल असे तर मुळीच नव्हे. गेटवरच्या सभेत या एका शब्दाचा चुकीचा अर्थ सांगून आपले कार्यकर्ते पेढे वाटतात आणि सहा महिन्यांनी शिव्या खातात. मीही खाल्ल्या आहेत. तिसरी गोष्ट, कागद हातात घेताना ‘रिसीव्ह्ड’ लिहा, तारीख घाला. ‘अ‍ॅक्सेप्टेड’ लिहू नका. पहिल्याचा अर्थ मिळाला, दुसऱ्याचा अर्थ मान्य.

आता पोस्टातल्या बंधूंकडे वळतो, नाहीतर म्हणतील रेल्वेवाला आपलेच पुराण लावतो. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पण दारात उभे राहून शेरा लिहिण्याचे काम पोस्टमनचेच राहिले. ‘रिफ्यूज्ड’, ‘लेफ्ट’, ‘डोअर लॉक्ड’, ‘अनक्लेम्ड’. लिहायला एक मिनिट. पण नोटीस घ्यायला माणसाने नकार दिला असा शेरा असला, की कोर्ट साधारणपणे नोटीस पोचली असेच धरून चालते. दार बंद होते आणि घाईत ‘रिफ्यूज्ड’ लिहिले, तर कोणा गरिबाविरुद्ध त्याच्या माघारी निकाल लागायचा, आणि उद्या साक्षीला बोलावणे तुम्हाला यायचे. तुमच्या पिशवीतला तो एक इंग्रजी शब्द वकिलाच्या दहा पानांइतका वजनदार आहे.

उच्चाराविषयी जरा जास्त बोलतो, कारण तेथे जिवाशी गाठ असते. आपण मेट्रोने येथे आलात, तेव्हा अण्णा नगर टॉवरच्या पुढचे स्टेशन तिरुमंगलम पाहिले असेल. मी सांगतो ते तिरुमंगलम हे नव्हे; ते मदुराईजवळचे. मे २०१९ मध्ये तेथे तिरुमंगलम आणि कळ्ळिगुडी या दोन स्टेशनांच्या दरम्यान सिग्नलमध्ये बिघाड होता. एका स्टेशन मास्तराची भाषा तमिळ, दुसऱ्याची हिंदी. फोनवर एकाचे दुसऱ्याला नीट समजले नाही, आणि एकाच मार्गावर समोरासमोर दोन पॅसेंजर गाड्या आल्या. वेळीच थांबल्या म्हणून माणसे वाचली. कारवाई अर्थातच खालच्या माणसांवर झाली.

त्यानंतर जून २०१९ मध्ये दक्षिण रेल्वेने पत्रक काढले, की कंट्रोल आणि स्टेशन मास्तर यांनी आपसात हिंदी किंवा इंग्रजीतच बोलावे, प्रादेशिक भाषा टाळावी. तमिळनाडूत मोठा गदारोळ झाला. पत्रक लगेच मागे घ्यावे लागले, आणि बोललेले दुसऱ्याला समजले याची खात्री करून घ्यावी असा सुधारलेला आदेश निघाला. मला विचाराल तर दुसरा आदेश बरोबर आहे, आणि पहिला काढणाऱ्याला कामगार माहीत नाही. दोन तमिळ माणसे आपसात तमिळ बोलली तर अपघात होत नाही. भुसावळला दोघे मराठी बोलतात, म्हणून गाड्या आदळत नाहीत. धोका तेथे असतो, जेथे दोघांची भाषा वेगळी आणि मधली भाषा दोघांनाही अर्धवट येते. आज आपली नांदेडची, अमळनेरची मुले इकडे दक्षिणेत नोकरीला लागतात आणि इकडची मुले आपल्याकडे. त्यांच्यामध्ये उरते ते मोडके इंग्रजी नाहीतर मोडकी हिंदी. मग जे मोडके आहे ते मजबूत करायला नको का?

साधे शब्द फसवतात. घरात दिवा ‘ऑन’ म्हणजे चालू. आपल्या जनरल रूल्समध्ये सिग्नल ‘ऑन’ म्हणजे सर्वांत कडक निशाणी, थांबण्याच्या सिग्नलला तर लालच. आणि ‘ऑफ’ म्हणजे पुढे जा. नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी दहा वेळा म्हणायला लावले पाहिजे. तसेच आकडे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनच्या खरखरीत एकसारखे ऐकू येतात. पंधराचा वेग पन्नास ऐकला तर काय होईल? म्हणून आकडे सुटे बोला : ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झिरो’. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे, आणि बोलणाऱ्याने ते ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. प्रायव्हेट नंबर देताना-घेताना आपण जी शिस्त पाळतो, तीच सगळीकडे पाळायची. आपण ‘स्टेशन’ला टेशन म्हटले, पॉइंट्समनला पैटमन म्हटले, तरी कोणी मरत नाही. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे, म्हणून इकडच्या माणसाच्या तोंडून कधी एकाच्या जागी दुसरा येतो. त्याला हसू नका, तोही आपल्या ‘व्ह’ला हसत नाही. उच्चार गोरा नको. उच्चार असा हवा की पलीकडच्याला एकदाच सांगून समजले पाहिजे, आणि नाही समजले तर ‘प्लीज रिपीट’ म्हणायची लाज त्याला वाटता कामा नये. मोठ्या अधिकाऱ्याला ‘रिपीट’ म्हणायला आपली जीभ अडखळते, हे मात्र इंग्रजीचे अज्ञान नाही, ती भीती आहे. ती घालवण्यासाठी युनियन आहे.

ज्याला इंग्रजी येत नाही त्याने गप्प बसावे का? नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे आपल्या तक्रारीचे निवेदन देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणजे मराठीतही. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे अर्ज, अपील हिंदीत करता येते, आणि शिस्तभंगाची नोटीससुद्धा हिंदीत मागता येते. मात्र जे आज तमिळनाडूत नोकरी करतात त्यांनी ध्यानात ठेवावे, ते नियम या राज्याला लागू नाहीत. चुकीच्या इंग्रजीपेक्षा बरोबर मराठी केव्हाही चांगले. मामाचे उत्तर मी मराठीत लिहिले असते तर त्याची वेतनवाढ कदाचित वाचली असती.

आपले पूर्वज या बाबतीत शहाणे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती, म्हणजे ते आपल्या दोन्ही खात्यांचे. कामगारांशी ते ‘दीनबंधु’तून मराठीत बोलले आणि १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारी कमिशनपुढे नेले. आणि येथून जवळच पेरांबूरला १९१८ च्या एप्रिलमध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली, तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईचे पारशी. ते इंग्रजीत बोलत आणि कामगारांना त्याचे तमिळ करून सांगितले जाई. भाषांतर करणारा माणूस नसता तर ती युनियन झाली असती असे मला वाटत नाही.

आमच्या शाखेत आम्ही काय करतो ते सांगून थांबतो. आठवड्यातून एकदा संध्याकाळी आठ-दहा जण बसतो. जुनी आरोपपत्रे, नावे खोडून, मोठ्याने वाचतो. अनुकंपेवर लागलेली एक बाई आमच्याकडे ट्रॅकवर आहे, सातवी शिकलेली. पहिल्या दिवशी ती दाराजवळ बसली होती. आता शब्द अडला की तीच म्हणते, ‘‘थांबा, हा आपल्या बाजूचा का त्यांच्या?’’ आणि वहीत दोन रकाने करून लिहिते. सबमिट एका रकान्यात, अ‍ॅडमिट दुसऱ्यात. त्या वहीच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत, प्रत्येकाने एक घ्या.

रात्री जेवण झाले की खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडू, तोंड दिसता कामा नये. एक जण स्टेशन मास्तर, एक कंट्रोल. पोस्टवाल्यांनीही बसायचे, तुम्हाला पिन कोड सांगायचे आहेत. बंगलोरच्या गटातले दोन तमिळ बंधू यायला तयार झाले आहेत, त्यांच्याशी बोलताना मराठी चालायची नाही. पहिला आकडा ‘वन फाइव्ह’.