परोपकाराची लेखणी आणि घरची चूल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेलेल्या पन्नास वर्षांचें गुणगान करावें असा प्रघात आहे. तें काम माझ्याहून वडील व अधिकारी मंडळींनीं कालच्या सभेंत उत्तम रीतीनें पार पाडलें असल्यामुळें, युवक मंडळानें मला नेमून दिलेल्या विषयाकडेच मी वळतों. विषय असा: दीनदुःखितांसाठीं जे ब्लॉगवर लिहितात, समाजमाध्यमांतून हांक घालतात, रक्तदाते मिळवितात, एखाद्या गरीब रोग्याच्या शस्त्रक्रियेसाठीं वर्गणी जमवितात, त्यांनीं आपला संसार, आपलें अध्ययन व आपली झोंप यांचा त्या कामाशीं मेळ कसा घालावा?

प्रश्न विचारणारे विशीपंचविशींतले असले, तरी मूळ प्रश्न त्यांच्या आयांचा आहे हें मी जाणून आहें. “फादर, पोरगा जेवतांनाहि मोबाईल खालीं ठेवीत नाहीं, आणि बोलावें तर म्हणतो, कोणाचा तरी जीव वांचवितों आहें,” ही तक्रार मीं एका घरीं नव्हे, अनेक घरीं ऐकिली आहे. गंमत अशी कीं, मायलेंक दोघेंहि खरेंच बोलत असतात. २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, प्राणवायूचें सिलिंडर कोठें मिळेल, रुग्णालयांत खाट कोठें रिकामी आहे, हें देशभर अशाच पोरांनीं रात्री जागून शोधून दिलें. तेव्हां या यंत्राची निंदा करून मी मोकळा होऊं शकत नाहीं.

यंत्र नवें असलें तरी पेंच जुना आहे. हेन्री ड्यूनां हा जिनीव्हा शहरचा व्यापारी. अल्जीरियांत त्याची पिठाच्या गिरण्यांची कंपनी होती, आणि तिला लागणारी जमीन व पाणी यांची परवानगी मिळावी म्हणून फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याची गांठ घेण्यासाठीं तो उत्तर इटलींत गेला. बादशहा तेव्हां तेथें युद्धांत गुंतला होता. ता. २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनोची लढाई झाली, आणि एका दिवसांत सुमारें ४०,००० माणसें मेलीं वा घायाळ झालीं. जवळच्या कास्तिल्योने गांवचें मोठें ख्रिस्तमंदिर जखमी शिपायांनीं भरून गेलें. वैद्य थोडे, पाणी पाजावयास माणूस नाहीं. आपलें काम घेऊन आलेला हा परका व्यापारी तेथेंच थांबला, गांवच्या बायांना त्यानें हाताशीं धरलें, आणि मित्र कोण व शत्रु कोण हें न विचारतां त्यांनीं जखमा धुतल्या.

घरीं परतल्यावर त्यानें जें पाहिलें तें लिहून काढलें. १८६२ सालीं त्या पुस्तकाच्या १,६०० प्रती त्यानें स्वखर्चानें छापल्या, आणि त्या विकावयास न ठेवतां यूरोपांतील राजे, सेनापति व मुत्सद्दी यांस धाडून दिल्या. आमच्या मुलांच्या भाषेंत सांगावयाचें तर ही त्याची ‘पोस्ट’ होती, आणि ती खरोखरच सर्वत्र पसरली. १८६३ च्या फेब्रुवारींत पांच जणांची समिति बनली, ता. २२ ऑगस्ट १८६४ रोजीं बारा राष्ट्रांनीं पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. रेड क्रॉस म्हणून जी संस्था आपण जाणतों तिचा उगम हा.

आणि गिरण्यांचें काय झालें? ड्यूनां एका राजधानींतून दुसरींत जात होता, पत्रांमागून पत्रें लिहीत होता. धंद्यावर नजर ठेवणारें कोणी उरलें नाहीं. १८६७ सालीं त्याचें दिवाळें निघालें. त्याच्यावर विसंबलेल्या आप्तेष्टांचा पैसा बुडाला. त्यानें शहर सोडलें तें कायमचें. दुसऱ्या वर्षीं त्याची आई वारली, न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें, आणि आपण उभारलेल्या समितींतहि त्याला जागा उरली नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्यानें अत्यंत दारिद्र्यांत काढलीं. १८९२ पासून तो हायडेन या खेडेगांवच्या रुग्णालयांत राहत होता. १८९५ सालीं एका वृत्तपत्रकारानें त्याच्यावर लेख लिहिला, तेव्हां कोठें जगाला त्याची आठवण झाली. १९०१ सालीं पहिलें नोबेल शांतता पारितोषिक त्यास व फ्रेदेरिक पासी यांस विभागून मिळालें. १९१० सालीं ड्यूनां त्याच रुग्णालयांत मरण पावला.

ही कथा सांगून कित्येक जण म्हणतात, पाहा, आधीं आपली गिरणी सांभाळावी. मला हें पटत नाहीं. ड्यूनां गिरणीच सांभाळीत बसता, तर पुढच्या लढायांतील किती जखमी तसेच तडफडत राहते याचा विचार करा. मला बोंचते ती गोष्ट निराळी आहे. रेड क्रॉस तगली, कारण तिला समिति होती, जमाखर्च होता, गुस्ताव मुइनिएसारखा काटेकोर वकील अध्यक्ष होता. ड्यूनांच्या घराला मात्र समिति नव्हती. सर्व जगाच्या जखमींसाठीं ज्यांनीं व्यवस्था लावली, त्यांनीं ज्याच्या हांकेनें आपण जमलों त्याची कांहींच व्यवस्था लावली नाहीं. उलट मुइनिएनें त्यास दूरच लोटलें. दोष एकट्या ड्यूनांचा म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं.

घरच्या माणसांची बाजू पाहावयाची असेल तर आपल्याच भाषेंत एक पुस्तक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते. परंतु कवि, ‘ज्ञानोदया’चे संपादक व दीनांचे कैवारी म्हणून त्यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या हातीं पैसा टिकत नसे. मागणाऱ्यास नाहीं म्हणणें त्यांस जमत नसे. चूल पेटणार कशी, याची काळजी लक्ष्मीबाईंनीं करावयाची. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत त्यांनीं हें सारें किती हंसतमुखानें सांगितलें आहे! कडवटपणा कोठें नाहीं. पण तें हंसूं ओढगस्तीच्या दिवसांतून आलेलें आहे, हें वाचणाऱ्या पुरुषांनीं विसरूं नये. आपल्या घरांतील सर्वच बायका पुस्तक लिहीत नाहींत.

आतां दुसरा एक गृहस्थ पाहा, ज्याचें नांव आपल्यापैकीं अनेकांनीं संत विन्सेंत द पॉल सोसायटीच्या बैठकींत ऐकलें असेल. फ्रेदेरिक ओझानाम १८३३ सालीं पॅरिसमध्यें विद्यार्थी होता, वय अवघें वीस. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं ती सोसायटी काढली. पुढें तो सोर्बोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला, १८४१ सालच्या २३ जूनला त्याचें लग्न झालें, त्यास एक मुलगी झाली. १८४८ च्या क्रांतीच्या सालीं त्यानें मित्रांसह ‘नवें युग’ या अर्थाच्या नांवाचें वृत्तपत्र काढलें व मजुरांच्या हालअपेष्टांविषयीं त्यांत लिहिलें. म्हणजे लेखणी होतीच. परंतु सोसायटीची रीत अशी कीं, गरिबाच्या घरीं स्वतः जावयाचें, आणि शक्यतों दोघांनीं मिळून जावयाचें. एकट्याच्या खांद्यावर ओझें पडत नसे, एकट्याची मिजासहि चढत नसे. आणखी एक बारीकशी गोष्ट त्याच्याविषयीं सांगतात, ती मला फार आवडते: दर महिन्याच्या २३ तारखेस, लग्नाची आठवण म्हणून, तो पत्नीला फुलें देत असे. इतका उद्योगी माणूस, पण ती तारीख त्यानें कामाला विकली नाहीं.

ओझानामाची प्रकृति मात्र साथ देईना. वैद्यांनीं विश्रांति सांगितली, तो १८४७ सालीं कुटुंबासह इटलींत राहिला. तरी १८५३ त, चाळिसाव्या वर्षीं, त्यास देवाज्ञा झाली. तेव्हां नेमस्तपणानें वागलें कीं आयुष्य वाढतें असा कांहीं करार नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं, त्याच्यामागें जी पत्नी व मुलगी राहिलीं, त्यांच्याजवळ त्याच्या सहवासाचे दिवस होते.

ड्यूनांचें पुस्तक छापून झालें कीं छापखाना बंद होई. मोबाईल बंद होत नाहीं, ही आजची अधिक अडचण. एक उदाहरण घेऊं. प्लेटलेट रक्तपेढींत पांच दिवसांहून अधिक टिकत नाहींत. पण ‘तातडीनें पाहिजेत’ असा बिनतारखेचा मजकूर वर्षानुवर्षें फिरत राहतो, आणि रोगी बरा होऊन घरीं गेला किंवा देवाघरीं गेला, तरी त्याच्या नातलगांना फोन येतच राहतात. रात्रीं दीड वाजतां डोळ्यांवर झोंप असलेला मुलगा तो मजकूर पुढें ढकलतो. त्यास वाटतें आपण सेवा केली.

कधीं कधीं याहून भयंकर होतें. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना ठार मारलें. तसल्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या, आणि त्या पुढें धाडणाऱ्यांपैकीं कित्येकांना आपण लेंकरांचें रक्षणच करीत आहों असें वाटत असेल. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येणार नाहीं अशी मर्यादा घातली. यंत्रास मर्यादा घालावी लागली, कारण आपण ती घातली नव्हती. विश्रांति न घेतलेलें डोकें खरें-खोटें निवडूं शकत नाहीं; म्हणून झोंप ही या कामांत चैन नसून साधन आहे. रक्तदानाचेंच पाहा ना. पुरुषानें एकदां रक्त दिलें कीं तीन महिने आणि स्त्रीनें चार महिने थांबावें, असा आपल्या देशांत नियम आहे. त्या काळांत दाता घरीं बसला म्हणून त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाहीं. जो रोज रात्रीं आपलें लक्ष व आपली झोंप देतो, त्यास मात्र आपण थांबण्याचा दिवस नेमून दिलेला नाहीं.

तो नेमून देणें हें एकट्या युवकाचें काम नव्हे. ज्या धर्मग्रामासाठीं तो राबतो त्या धर्मग्रामाचें आहे. म्हणून पुढील व्यवस्था मीं धर्मग्राम मंडळापुढें ठेविली आहे व मंडळानें ती मान्य केली आहे. मदतीच्या हांकेसाठीं यापुढें कोणाचाहि खासगी नंबर दिला जाणार नाहीं; कचेरीचा एक मोबाईल राहील व तो दर आठवड्यास दोघांच्या जोडीकडे जाईल, चार आठवड्यांहून आधीं तीच जोडी पुन्हा येणार नाहीं. रात्रीं दहानंतर तो फोन प्रौढ माणसाकडे असेल. प्रत्येक मजकुरावर तारीख असावी, रुग्णालयास फोन करून खात्री केलेली असावी, आणि गरज भागली कीं तसें कळवून तो काढून टाकावा. रोग्याचा फोटो त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीवांचून घालूं नये. जमलेल्या पैशाचा हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मंदिराच्या फलकावर लागेल. परीक्षेच्या महिन्यांत विद्यार्थ्यांस पाळी नाहीं, आणि ज्या घरीं नुकतें मूल झालें आहे वा कोणी अंथरुणास खिळलें आहे त्या घरच्या मुलामुलींसहि नाहीं. त्यांनीं हट्ट धरला तरी नाहीं.

मुलांचीं नांवें पुष्कळ आलीं आहेत. रात्रीच्या पाळीसाठीं प्रौढांचीं मात्र आजवर तीनच आलीं, आणि त्यांतील दोन विधवा भगिनींचीं आहेत. वडील मंडळींनीं आपलीं नांवें येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर कचेरींत द्यावींत. वही उघडी ठेविली आहे.