घरची भाषा आणि दारची भाषा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभासद-कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



न्यासाच्या या महोत्सवात चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा विषयासाठी मला लांब जावे लागले नाही. धार-देवासच्या आपल्या घराघरांत तो रोजचाच आहे. मूल आजीशी मराठी बोलते, दारी आलेल्या भाजीवालीशी माळवी, सवंगड्यांशी हिंदी, आणि दप्तरात पुस्तके इंग्रजी. इतक्या भाषांत मूल गोंधळून तर जाणार नाही ना, ही आईबापांची काळजी.

घरचीच गोष्ट सांगतो. माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याकडे एका लग्नाला गेलो होतो. कोणी विचारले, “आई कुठे आहे ग?” ती म्हणाली, “आई येऊन राहिली आहे.” सारी पंगत हसली. मीही हसलो. परतीच्या वाटेवर पोर आमच्याशी हिंदीतच बोलली, आणि पुढे वर्षभर पाहुण्यांसमोर तिने मराठीचा शब्द उच्चारला नाही. नातलगांची गाठ दोन दिवसांची, बाप रोजचा. तो दोष मी माझ्याच पदरी घेतो.

वास्तविक तिचे चुकले काय? “येऊन राहिली” हे बोलणे माळव्यात आहे, तसे विदर्भातही आहे. हिंदीच्या शेजाराने मराठीला लागलेले ते वळण. अठराव्या शतकात पवारांची घराणी धार व देवास येथे स्थिरावली आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबे आली. एवढ्या काळात भाषेने शेजाऱ्याकडून काहीच घेतले नसते, तरच नवल! देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी मोठी माता आणि चामुंडा छोटी माता. एकीला हात जोडले म्हणून दुसरी रुसत नाही.

माळव्यातलेच एक घर पाहा. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. घरची भाषा मराठी. थोरला हिंदीचा श्रेष्ठ कवी झाला, धाकटा मराठीचा कवी व कादंबरीकार. कुमार गंधर्व तर बेळगावकडचे, घरचे कानडी. १९४८ साली ते क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले, येथील माळवी लोकगीते कान देऊन ऐकली, आणि पुढे कबीर व तुकाराम दोघांनाही त्याच आत्मीयतेने गायिले. नवी भाषा आली म्हणजे जुनी जातेच, असे नाही. जुनीची लाज वाटू लागली, म्हणजे मात्र ती जाते.

पण नुसते न हसल्याने भागणार नाही. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली आजचा मध्य प्रदेश झाला. मराठीचा दरबारी आधार संपला. आता तिला घराचाच आधार आहे. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, घरातील एका माणसाने तरी मुलाशी नेमाने मराठीतच बोलावे. आजी-आजोबा असतील तर फारच उत्तम. दुसरी, मूल चुकले तर टोकू नये. “हो, आई येते आहे,” असे आपणच सहज म्हणावे, कान आपोआप शिकतो. तिसरी, रोज पाव तास मराठी वाचून घ्यावे. हिंदीमुळे देवनागरी त्याला येतेच. शाळेतल्या हिंदीत नसलेला ‘ळ’ आणि चमच्यातला ‘च’ एवढे दाखविले की बालगोष्टींचे पुस्तक हाती देता येते.

माळवीलाही हलकी लेखू नका. जे मूल भाजीवालीशी तिच्या बोलीत आदराने बोलते, ते जगात कोठेही बुजणार नाही.

न्यासाला एक विनंती. आपल्या स्पर्धांत शुद्ध उच्चाराला बक्षीस असते, ते असावेच. पण न भिता उभे राहून आपल्या मराठीत गोष्ट सांगणाऱ्या मुलासाठीही एक असावे.

माझी ती मुलगी आता दूर बंगळूरला असते. परवा नातवाचा फोन आला, “आबा, सुट्टीत मी तुमच्याकडे येऊन राहिलो आहे!” मी म्हटले, “ये रे बाळा, मी वाट पाहतो आहे.” या खेपेस मी हसलो नाही. डोळे मात्र पुसावे लागले.