सुट्टीत पोरं कुठे जातात?

(पूर्व विदर्भातल्या एका गावी, बुद्धविहारात चालणाऱ्या अभ्यासिकेत उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आठवड्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला विषय दिलाय ‘सुट्टीतला अभ्यास’. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करताहेत. बाकीच्यांच्या हातात नुकतीच पदवी आली आहे. म्हणजे सुट्टी तुम्हाला नाहीच, आणि अभ्यास कसा करायचा हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. मला बोलायचंय ते या विहाराच्या मागच्या गल्लीतल्या सहावी, सातवी, आठवीच्या पोरांबद्दल.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरातली पहिली पदवी तुमची आहे. माझ्या घरातली माझी. आता जरा आठवा, तुमच्यासोबत पाचवीत बाकावर बसणारे सगळे आज कुठे आहेत? आणि जे गळाले ते कधी गळाले? परीक्षेच्या दिवशी कोणी शाळा सोडत नाही. एप्रिलमध्ये पोरगा वर्गात असतो, जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा नसतो. मास्तर दोन दिवस हजेरीत नाव पुकारतात, मग पुकारणं बंद होतं.

करोनाच्या काळात हाच प्रकार दीड-दोन वर्षं चालला, एवढाच फरक. मार्च २०२० मध्ये मी नागपूरला एम.ए. करत होतो. वसतिगृह बंद झालं, गावी आलो. सरकारचं म्हणणं होतं, शाळा बंद पण शिक्षण सुरू. दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज अभ्यास यायचा. टिलीमिली चांगली होती, मी स्वतः पाहिली. पण टीव्ही असलेल्या घरात तीच वेळ स्वयंपाकाची आणि तीच वेळ भांडणाची. मोबाईल घरात एक, तो बापासोबत कामावर. रात्री परत आला की आधी भावाच्या हातात, उरला तर बहिणीच्या.

माझ्या शेजारची सातवीतली पोरगी. तिची वही मी एकदा पाहिली. अक्षर असं की छापील वाटावं. ग्रुपवर आलेली सगळी प्रश्नोत्तरं उतरवलेली, लाल शाईने समास आखलेला. मी म्हटलं, ही दोन ओळी वाचून दाखव. ती गप्प. पुन्हा म्हटलं. तर हळूच म्हणाली, “दादा, उतरवता येते, वाचता नाही येत.” जोडाक्षर आलं की ती अडायची. गेली दोन वर्षं तिने अक्षरांची चित्रं काढली होती, आणि ग्रुपवर मात्र रोज तिच्या वहीचा फोटो जात होता, त्याखाली अंगठा येत होता. ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

हे काही आमच्याच गावचं नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली शेकडा ८. त्यातही दलित-आदिवासी मुलं वेगळी मोजली तर शेकडा ४, आणि बाकीची शेकडा १५. एकाच प्रकारच्या गरीब वस्त्या, तरी जवळजवळ चौपट फरक. झारखंडमधल्या एका गावात तर शिक्षकाच्या उच्चजातीय घरातल्या लोकांनी पाहणी करणाऱ्यांना उघड विचारलं होतं, ही पोरं शिकली तर आमच्या शेतात कोण राबणार? त्यांच्या स्पष्टपणाचे आभार मानले पाहिजेत. आपल्याकडे हे कोणी बोलून दाखवत नाही.

मुद्दा असा, की आपल्या पोरांना रिकामी सुट्टी कधी मिळतच नाही. सरकारी शाळेला कुलूप लागलं की जातीची शाळा उघडते. तिथे फी नाही, हजेरी सक्तीची, आणि अभ्यासक्रम ठरलेला: बापाचं काम मुलाने शिकायचं, आईचं मुलीने. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, आजोबांनी इंग्रजी शिकलेली आहे, त्यांच्या पोराला सुट्टीतही घर शिकवत राहतं. आपलं घरही शिकवतंच, पण धुणीभांडी शिकवतं, लगीनसराईत डोक्यावर दिवे धरून चालणं शिकवतं, केटरिंगची ताटं उचलणं शिकवतं. बाराव्या-तेराव्या वर्षी हात कामाला यायला लागतो. म्हणून मी पाचवी ते आठवी म्हणतो. पहिली-दुसरीच्या पोराकडून काम होत नाही, आणि दहावीच्या पोरावर घरदाराचं लक्ष असतं. मधली पोरं कोणाचीच नसतात.

कायद्यातही हे लिहून ठेवलंय. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी केली, पण एक दार उघडं ठेवलं: धोक्याचं नसेल तर घरच्या धंद्यात मूल मदत करू शकतं, शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत. घरचा धंदा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी हेच उघडपणे करून पाहिलं होतं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पोरांनी थोडे तास शिकायचं आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा. पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली, १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं, कामराजांनी ती योजना गुंडाळली. आपल्याकडे योजना नाही, त्यामुळे रस्त्यावर उतरायचं तरी कोणाविरुद्ध?

तेव्हा आम्ही काय केलं ते सांगतो. चुकांसकट.

दिवाळीनंतर, २०२० च्या शेवटी, पाच-पाच पोरं अंगणात बसवून सुरुवात केली. मी सातवीच्या पोरांना सातवीचं पुस्तक शिकवायला गेलो. दोन आठवड्यांत निम्मी पोरं पळाली. मग एकेकाला बाजूला घेऊन दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला, तीन अंकी भागाकार दिला, आणि खरी परिस्थिती कळली. पण पुढचा घोळ मोठा होता. तेरा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर दुसरीचं पुस्तक दिलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या वयात लाज फार. यावर तोडगा आमच्यातल्या एका बहिणीने काढला. ती म्हणाली, यांना वाचायला सांगूच नका, शिकवायला सांगा. प्रत्येक मोठ्या पोराला पहिली-दुसरीची दोन लहान पोरं दिली आणि रोज एक गोष्ट त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. आता दुसरीचं पुस्तक ही त्याची पायरी उरली नाही, जबाबदारी झाली. लहान पोरांसमोर अडखळायचं नाही म्हणून तो आदल्या रात्री गुपचूप वाचून यायचा. ती शेजारची पोरगी चार महिन्यांत जोडाक्षरांवरून धावायला लागली.

दुसरी चूक २०२२ च्या उन्हाळ्यातली. करोना ओसरला होता. ऊन होण्याआधी म्हणून वर्ग सकाळी सातला ठेवला. शहाणपणाचं वाटलं होतं. सगळी लहानच पोरं आली, मोठी एकही नाही. मे महिना, तेंदूचा हंगाम. पहाटे चारला घरदार जंगलात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. एका पोराला विचारलं तर म्हणाला, “पुडे बांधाले जावं लागते, दादा. तुमचा वर्ग काय आमाले पैसे देते?” बरोबरच होतं. वर्ग रात्री साडेसातला नेला. विहारात पंखा होता, दिवा होता, घरी दोन्ही नव्हते. पोरं थकून यायची, काही झोपायची. झोपू दिलं.

तिथेच शेकडेवारी झाली. सत्तर पानांचा एक पुडा. फळीवरचा मुन्शी शेकड्यामागे चार पुडे वरचे घ्यायचा, खराब निघतात म्हणून. पूर्वापार रिवाज, कोणी विचारत नव्हतं. एका घरचे रोजचे दोनशे पुडे, म्हणजे आठ पुडे फुकट, म्हणजे ५६० पानं. पंधरा दिवसांचे १२० पुडे. एका आठवीतल्या पोराने हिशेब फळ्यावर मांडला आणि म्हणाला, म्हणजे माझ्या घरच्या सगळ्यांनी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त फुकट काम केलं. वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी तीन आया वर्गाच्या दारात उभ्या, हिशेब ऐकायला. मुन्शीने त्या हंगामात चाराचे दोन केले, पुढच्या वर्षी पुन्हा चार. पण त्या आयांनी पोरांना रात्रीच्या वर्गातून कधी परत बोलावलं नाही.

कोणी म्हणेल, वा, जीवनाशी जोडलेलं शिक्षण! आपल्या पोरांना हातकाम शिकवा, कौशल्यं द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांची स्वतःची पोरं कोट्याला असतात. आम्ही पुडे मोजले ते पुढे कधी बांधावे लागू नयेत म्हणून.

लिहिण्याचंही तसंच. ‘माझी आई’ म्हटलं की सगळी पोरं एकच निबंध लिहायची, आई म्हणजे देव. मुक्ता साळवेंचं नाव तुम्ही जयंतीच्या भाषणांत ऐकलंय. पण तिचं वय आठवा. चौदा. फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली, आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. म्हणजे आजच्या हिशेबाने आठवी-नववीची पोरगी. तिला कोणी तरी विचारलं असणार, तुला काय दिसतं ते लिही. आम्हीही विषय बदलला: काल तुझी आई सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत होती, वेळेसकट लिही. तीन आठवडे गेले, मग लिहू लागली.

बाबासाहेब चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसायचे आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना तिथे हेरलं, पुढे १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मी फक्त एवढंच दाखवतो की परळच्या त्या एका खोलीत जे नव्हतं ते बागेत होतं: बसायला जागा. आणि शाळेबाहेर एक मोठा माणूस होता, ज्याने विचारलं, काय वाचतोस? या विहारात जागा आहे. विचारणारे तुम्ही आहात.

आता कामाचं बोलतो, कारण नुसत्या वर्गाने भागत नाही. तो फळ्यावर हिशेब मांडणारा आठवीतला पोरगा सुट्टी संपता संपता मामासोबत हैदराबादला बांधकामावर गेला. आमच्या गावची शाळा आठवीपर्यंत. नववीला दहा किलोमीटरवर जावं लागतं. बाप कामावर, आईला अर्ज लिहिता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला आणायला कोणी गेलंच नाही. पोरगा हुशार होता, आम्ही त्याला शेकडेवारी शिकवली आणि दाखला मात्र काढला नाही. हे आमच्यावर आहे.

म्हणून आधी यादी. तुमच्या गल्लीतली शाळा बदलणारी पोरं कोणती, चौथीतून पाचवीत, सातवीतून आठवीत, आठवीतून नववीत जाणारी, त्यांची नावं सुट्टी लागायच्या आत लिहा. दाखला, आधार, जातीचा दाखला, बँकेचं खातं. अनुसूचित जातीच्या मुलींना पाचवीपासून दहावीपर्यंत सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते. रक्कम हसण्यासारखी आहे, पण तिच्या निमित्ताने खातं उघडतं आणि नाव पटावर राहतं. आणि सातवी संपवलेल्या पोरांना एनएमएमएसला बसवा. आठवीत परीक्षा, सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्यातला अर्धा पेपर बुद्धिमत्ता चाचणीचा. अंकमालिका, अक्षरमालिका, दिशा, आकृत्या. तुम्ही रोज या टेबलांवर तेच तर सोडवता. अर्धा तास मोठ्याने सोडवा, बाजूला दोन पोरं बसवा. तुमचाही सराव होईल.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या मानेवर वयोमर्यादा बसली आहे. घरून रोज फोन येतो, निकाल कधी. म्हणून मी दिवस मागत नाही. एकाने आठवड्यातल्या दोन रात्री घ्यायच्या, साडेसात ते नऊ. सहा-सात जण मिळाले तर आठवडा भरतो. मुलींच्या घरी आधी एका ताईने जाऊन बोलायचं आणि रात्री त्यांना घरापर्यंत सोडायचं, त्याशिवाय त्या येणार नाहीत. पाण्याचा माठ भरलेला हवा. आणि जूनच्या शेवटी शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात यादी घेऊन शाळेत जायचं, प्रत्येक नाव पटावर आहे का पाहायचं. जे नाव नसेल त्या घरी त्याच संध्याकाळी.

विहाराची चावी समोरच्या घरी मावशींकडे आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय. वही इथे टेबलावर ठेवतो. जाताना आपली गल्ली आणि दोन वार लिहून जा.