मेजरसाहेब : पलटणीतले आणि घरातले

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी सुचवले होते की झाशीवर बोलायचे तर राणीसाहेबांवर बोला. राणीसाहेबांवर आपण दर वर्षी बोलतो, आणि बोलायलाच हवे. पण 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली आणि उत्सवाचा तिसरा दिवस नेमका 29 ऑगस्ट, म्हणजे मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. त्या दिवशी आपल्या मंडपात त्यांचे नावही निघाले नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

ते काही मराठी नव्हते. पण ते झाशीकर कसे झाले ते ऐका. वडील समेश्वरसिंह लष्करात. आज या गावी, उद्या त्या गावी. या बदल्यांपायी मुलाचे शिक्षण सहा वर्षांत आटोपले. शेवटी सरकारकडून घरासाठी जमिनीचा लहानसा तुकडा मिळाला तो झाशीत, आणि कुटुंब इथलेच झाले. इथे बसलेल्यांपैकी किती घरांची हीच हकीकत आहे! कोणी पेशवाईत आले, कोणी नेवाळकरांबरोबर, तर आमच्यासारखे रेल्वेच्या बदलीने येऊन दतिया गेटपाशी बिऱ्हाड केले ते कायमचेच.

1922 साली, सतराव्या वर्षी, ते पहिल्या ब्राह्मण पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. त्याआधी हॉकीची त्यांना विशेष ओढ नव्हती, आवड होती ती कुस्तीची. पलटणीत सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी हातात स्टिक दिली. ड्युटी संपल्यावर रात्री चांदण्यात सराव करायचे म्हणून ध्यानसिंहांचे 'ध्यानचंद' झाले, असे सांगतात. 1926 मध्ये लष्कराच्या संघाबरोबर न्यूझीलंडला गेले. परत आल्यावर बक्षीस काय, तर लान्स नाईकची फीत.

पहिल्या ऑलिंपिकसाठी 1928 च्या मार्चमध्ये संघ मुंबई बंदरातून निघाला, तेव्हा निरोपाला तीन माणसे होती. अ‍ॅमस्टरडॅमला ध्यानचंदांनी 14 गोल केले. सुवर्णपदक घेऊन परतले तेव्हा त्याच धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

1932 च्या लॉस एंजेलिसची गोष्ट मला जास्त आवडते. निवड-स्पर्धेसाठी पलटणीने त्यांना रजाच दिली नाही! जगातला सर्वोत्तम खेळाडू, पण पलटणीत तो लान्स नाईकच. निवड समितीने मग चाचणीशिवायच त्यांना घेतले. अमेरिकेला आपण 24-1 असे हरवले, त्यात ध्यानचंदांचे 8 आणि धाकटे बंधू रूपसिंह यांचे 10. स्पर्धेतही धाकट्याचेच गोल जास्त. हे रूपसिंह पुढे ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या चाकरीत गेले. आपल्या सचिनने 2010 साली एकदिवसीय सामन्यात 200 धावा केल्या ते मैदान याच कॅप्टन रूपसिंहांच्या नावाचे.

1936 च्या बर्लिनमधल्या हिटलरच्या गोष्टी तुम्ही सर्वांनी ऐकल्या आहेत, त्या मी सांगत नाही. मला सांगायचे आहे ते सामन्याआधीचे. जर्मनीशी अंतिम सामना होता. सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सर्वांनी त्याला वंदन केले. संघाचा कप्तान इंग्रजांच्या फौजेतला नोकर! सामना 8-1 असा जिंकला. तारीख होती 15 ऑगस्ट.

एवढे होऊनही, त्यांच्या स्वतःच्या मते त्यांचा सर्वांत चांगला सामना ऑलिंपिकमधला नव्हताच. तो होता 1933 चा बायटन कपचा अंतिम सामना, कलकत्ता कस्टम्सविरुद्ध. संघ आपला, झाशी हीरोज. एकच गोल झाला, तोही त्यांनी केला नाही. त्यांनी लांब पास दिला आणि गोल इस्माइलने केला.

1956 साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. शिपायाचा मेजर व्हायला 34 वर्षे लागली. पुढे पतियाळाच्या क्रीडा संस्थेत त्यांनी प्रशिक्षकाचे काम केले. घरी जानकीदेवी, सात मुलगे, मुली. स्वयंपाकाची हौस होती, मासे पकडण्याचा नाद होता. पण खाणारी तोंडे पुष्कळ आणि पेन्शन बेताचे.

आणि आता जे सांगतो ते इथल्या आईवडिलांनी ऐकावे. हॉकीच्या या जादूगाराने आपल्या मुलांना हॉकीपासून दूर ठेवायचा प्रयत्न केला. हॉकीत पोट भरत नाही, शिका आणि नोकरी धरा, हे त्यांचे सांगणे. त्यांचे चिरंजीव अशोककुमार यांनीच हे अनेकदा सांगितले आहे. ज्याच्या नावावर तीन सुवर्णपदके, त्याच्या तोंडी हे शब्द यावेत! मला यात बापाचा कडूपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. महिन्याचा खर्च ज्याने स्वतः चालवला आहे, त्यालाच हा हिशेब कळतो.

मुलाने ऐकले नाही. 15 मार्च 1975, क्वालालंपूर, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. अशोककुमारांचा फटका गोलखांबाच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानने हरकत घेतली, पंचांनी गोल दिला आणि भारत 2-1 ने जिंकला. आजपर्यंतचा आपला तो एकमेव विश्वचषक. वडिलांना तो पाहायला मिळाला.

3 डिसेंबर 1979 रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात, जनरल वॉर्डात, मेजरसाहेब गेले. त्यांना झाशीला आणले. अंत्यसंस्कार हीरोजच्या मैदानावरच व्हावेत अशी इच्छा होती. परवानगीला आधी अडचण आली, मग मिळाली. पंजाब रेजिमेंटने लष्करी इतमामाने मानवंदना दिली. स्मशानात नव्हे, खेळाच्या मैदानावर.

दतिया गेटवरून तिथे जायला रिक्षा मिळते. विसर्जनाआधी एका सकाळी मुलांना घेऊन जाऊन या, स्टिक असेल तर तीही बरोबर घ्या.

गणपती बाप्पा मोरया!